दिगंबर मास्तरांचा माहितीचा तास

टेंभुर्णीच्या शाळेत, निजामाच्या राज्यात, मी मास्तरकी केली. सुट्टीत कुणी दिगंबर मास्तरांचं नाव काढलं की एका किश्श्याला चिकटून दुसरा यायचा, अन् घंटा द्यायचं ध्यानच राहायचं न्हाई!

दिगंबर मास्तर पोरांना माहितीचे धडे शिकवायचे. ऊस, कापूस, रेल्वे. माहितीत 'छान', 'उत्तम' असलं कौतुक चालायचं न्हाई. पाह्यलं तेवढंच सांगायचं. फळ्यावर कौतुकाचा शब्द आला की सगळा वर्ग ओरडायचा, "पुसा!"

माणूस लाखात एक. (हे मी म्हणतो, पोरांनी पुसलं असतं.) पण पस्तिशी आली तरी लगीन जमंना.

* * *

बाजारात मंजनवाल्यानं हँडबिल वाटलं. मास्तरांनी ते वर्गात घेतलं. पोरांनी कौतुक पुसलं. उरलं, "काळी पूड. पुडीत मिळते."

मंजनवाला भांडायला आला, "मास्तर, धंदा बुडवून राह्यले तुम्ही!"

"कागदात तेवढंच होतं," मास्तर शांतपणे म्हणाले.

* * *

वर्गातल्या किसनच्या बापानं बैल विकायला काढला. गिऱ्हाइकाला म्हणे, "बैल न्हाई, हत्ती हाय!"

किसन म्हणाला, "डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. चिखलात बसला की उठत न्हाई."

गिऱ्हाईक गेलं. बाप तणतणत शाळेत! मास्तर म्हणाले, "पोरगं खोटं बोललं का?"

"खोटं न्हाई हो! पण सगळं सांगायचं असतंय का?"

उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब म्हणाले, "मास्तर, यही सिखाओगे तो तुम्हारी शादी कैसे होगी?"

आम्ही हसलो. मास्तर हसले न्हाईत.

* * *

मंग घनसावंगीहून आबाराव आले. मास्तरांना सांगून आलेल्या मुलीचे वडील. थेट वर्गात! मास्तरांसमोरच पोरांना विचारलं, "कसे आहेत रे तुमचे मास्तर?"

उठला तो किसनच!

"गुरुजी एकटे राहतात. भाकरी करपवतात. घोरतात, ते पाटलाच्या ओट्यावर ऐकू येतं. छडी आहे, तिचा खिडकीला टेकू लावतात. मला ताप आल्ता तवा रोज घरी आल्ते."

मास्तरांचा चेहरा उतरला. पण त्यांनी किसनला थांबवलं न्हाई.

तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, "काका, आता तुमच्या मुलीची माहिती सांगा. 'सुशील' म्हणायचं न्हाई."

आबारावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"रागीट आहे," ते म्हणाले. "रागावली की जेवत न्हाई. भाकरी जाड करते. आई गेली तवापासून धाकट्या भावंडांना तीच सांभाळून राह्यली."

मास्तर खाली बघत म्हणाले, "छान आहे."

अन् सगळा वर्ग ओरडला, "पुसा!"