ऊन पाण्यातला बांगडा

हा विषय मी घरात कधी निघूच दिला नाही. काल गंगापूर रोडला कुणाकडे तरी बांगडा तळल्याचा वास आला आणि बायकोचं पहिलं डोहाळजेवण आठवलं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तिला माहेरचा बांगडा खावासा वाटत होता. सासरे मासेमारी करायचे. रात्रभर एसटीने प्रवास करून ते आले, पण टोपलीतून निघाले सुके बोंबील. "पाणी ऊन झालंय, जावईबापू," ते ओशाळून म्हणाले, "बांगडा थंडाव्याला खोल गेलाय. जाळ्यात येतच नाय." जमलेल्या बायकांसमोर मी म्हणालो, "मामा, समुद्र म्हणजे काय चहाचं आधण आहे, तापायला? सगळा बाजारात विकून आलो म्हणा की!" सगळे हसले. सासरेही हसले, पण वाढलेल्या ताटाला त्यांनी हात लावला नाही आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. बारशालाही आले नाहीत. पाणी तापलं की मासा जागा सोडतो, असं आता टीव्हीवर सांगतात. त्या वर्षी तसंच झालं होतं, की त्यांना काही वेगळीच अडचण होती, मला अजून कळत नाही. मी तसं का बोललो, तेही नाही. ते वारले तेव्हा त्यांच्या पायांशी वाकून मी "मामा" एवढंच म्हणालो.