एफी मेअरचे सुतकी शब्द

एफी मेअरला बेकरीच्या गल्ल्यावरून काढलं ते तिच्या तोंडामुळे. ती काही वावगं बोलली असं नाही. तोंडच तसं होतं. ओठांचे कोपरे खाली, पापण्या जड, कपाळावर कायमची आठी. मालक म्हणाला, "एफी, माणसं पाव घ्यायला येतात आणि मयताला आल्यासारखी हळू बोलतात."

"पाव खपतोय ना?" एफीनं विचारलं.

खपत होता. तरी काढलं.

मग ती आमच्या किनहेवनच्या छोट्या दवाखान्यात सफाईला लागली. मी तिथे वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं काम करते. माझी तिची ओळख चहाच्या खोलीत झाली. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर मी नवीन होते, आणि कुणीतरी माझ्या कानात सांगितलं होतं की ती डाऊर बाई आहे, तिच्या वाटेला जाऊ नकोस. मी बावळटासारखं तिलाच विचारलं, डाऊर म्हणजे नक्की काय?

तिनं कप खाली ठेवला. "हे बघ पोरी. ग्लम म्हणजे थोड्या वेळापुरतं तोंड पडलेलं, ते चहानं जातं. सलन माणूस रुसलेला असतो, कुणीतरी समजूत काढावी म्हणून वाट बघतो. मोरोसला समजूतही नको असते. आणि डाऊर? डाऊर उदास नसतोच मुळी. तो नुसता पावसात उभा असलेला दगड असतो. हे सगळे शब्द मला कुणी ना कुणी चिकटवलेत, म्हणून पारखून घेतलेत."

"वाईट नाही वाटत?"

"आमच्या घराण्यात हसू तोंडाच्या आत ठेवायची पद्धत आहे," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता अलिक बकनला अर्धांगाचा झटका आला. अलिक एकाहत्तर वर्षांचा, मासेमारीच्या बोटीवरचा जुना कप्तान, एफीच्या शाळेतला, तिच्याहून दोन वर्षं पुढचा. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार गेलं. उरला एकच आवाज, "दा". पाणी हवं तरी दा, नको तरी दा. समजत त्याला सगळं होतं, म्हणून तर तो जास्त चिडायचा.

मी त्याच्यासमोर माझी चित्रं मांडायची. हसरा सूर्य, फुगे, शेपूट हलवणारं कुत्रं. आनंदी मन लवकर शिकतं, असं मला शिकवलं होतं आणि मी ते मनापासून मानत होते. तीन महिने मी त्या माणसासमोर फुगे नाचवले.

नोव्हेंबरातली सकाळ होती. आडवी भुरभुर चालली होती, समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मी सूर्याचं चित्र धरून म्हणत होते, "अलिक, हे काय? स... स..." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. एफी पलंगाखालून फडकं फिरवत होती. ती कंबर धरून उभी राहिली, खिडकीबाहेर बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "ड्रीख."

तिकडे असल्या कुंद, ओल्या, मन खाणाऱ्या दिवसाला हाच शब्द आहे.

"ड्रीख," भिंतीकडून आवाज आला.

शेवटचा ख अगदी घशातून घासत आला, जन्मभर म्हटल्यासारखा. माझ्या हातातलं चित्र खाली पडलं. एफीनं विचारलं, "काय म्हणालास?"

"ड्रीख. ड्रीख. ड्रीख." बंद पडलेल्या दाराची कडी हलते का बघावं तसं तो म्हणून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हो," एफी म्हणाली. "आणि उद्याही तसंच आहे."

त्या संध्याकाळी मी माझे फुगे आणि सूर्य कपाटात टाकले. एफीला विचारलं, रोज चहाच्या सुट्टीत येशील का? मुकादम कुरकुरला की सफाईवालीनं रुग्णाशी गप्पा मारायच्या नसतात. एफी म्हणाली, "गप्पा कुठे? आम्ही कुरकुर करणार आहोत. ती तर तूही करतोस."

ती स्टूल ओढून बसायची.

"डॉक्टर कसा दिसतो रे आज?"

"ग्ल... ग्लम."

"का? कालचा सामना हरले म्हणून?"

"हो."

हा 'हो' नवा होता. मी वहीत लिहून घेतला.

"आणि मी?"

अलिकनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले. "डाऊर."

"शाळेतही हेच म्हणायचास. तेव्हा फुकट म्हणायचास, आता घाम गाळून म्हण."

अलिक हसला. अर्धं तोंड वर गेलं, अर्धं जागेवर राहिलं, पण आवाज पुरा आला. साठ वर्षं तो हवेला, सरकारला, माशांना शिव्या घालत आला होता. बाकी सगळ्या वाटा वाहून गेल्या होत्या, त्या एका पायवाटेवर अजून गवत उगवलं नव्हतं. तिथून एकेक शब्द परत येऊ लागला. आधी उदास शब्द, मग त्यांच्या मागून पाणी, चादर, रोना. रोना त्याची मुलगी.

वसंतात त्याच्याबद्दल बैठक बसली. शहरातल्या वृद्धाश्रमात जागा मिळाली होती. डॉक्टर, रोना, मी आणि समाजकल्याणच्या एक बाई. बाई वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्याला काय हवं ते त्यानं स्वतः सांगायला हवं, नाहीतर दुसऱ्यांना ठरवावं लागेल. अलिक स्वच्छ कोट घालून बसला होता. तो सारखा दाराकडे बोट करत राहिला, शेवटी मी जाऊन एफीला बोलावून आणलं. ती ॲप्रनसकट येऊन भिंतीशी उभी राहिली.

बाईंनी आश्रमाचे फोटो पुढे ठेवले. मोठ्या खिडक्या, बाग, हसणारे म्हातारे. "कसं वाटतं, मिस्टर बकन?"

अलिकनं एकेक फोटो नीट पाहिला. "डिझ्मल," तो म्हणाला. उदास, टाकाऊ अशा अर्थाचा हा शब्द तिकडे मोडक्या धक्क्याला, भिकार जेवणाला, कशालाही लावतात. पण इतका स्पष्ट लावलेला मी ऐकला नव्हता.

बाईंनी हसू दाबलं. "आणि तुमचं घर? तिथे ओल आहे. जिना आहे. तुम्ही एकटे आहात."

"ड्रीख," अलिक म्हणाला.

रोनानं मान खाली घातली. बाईंनी पेन उचललं. मला वाटलं, संपलं. आम्हीच त्याला नुसतं नाक मुरडायला शिकवलं होतं.

अलिकनं डावा हात वर केला. थांबा, असा. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. कुणीही त्याच्या मदतीला शब्द पुरवला नाही. एफीनं पुढ्यातल्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"पण," अलिक म्हणाला. "पण... माझं."

मग रोनाकडे वळून, "घरी."

पेन खाली ठेवलं गेलं. रोना रडत होती आणि म्हणत होती, "ठीक आहे बाबा. ठीक आहे. जिन्याचं बघू आपण."

बाहेर आल्यावर एफीनं मला कोपऱ्यात गाठलं. "तो 'पण' मी शिकवला नव्हता."

"मीही नाही."

"म्हणजे त्याचा त्यानं आणला," ती म्हणाली आणि पदराला नाक पुसावं तसं ॲप्रनला पुसलं.

अलिक नऊ वर्षं स्वतःच्या घरात राहिला. पलंग खाली आणला, एवढाच काय तो फरक. दवाखान्यानं एफीच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला माझी मदतनीस केलं. दर गुरुवारी तिचं टेबल भरायचं. झटका आलेली माणसं भोवती बसून हवामानाची, जावयांची, सुपाची निंदा करायची. हळूहळू स्तुतीही करू लागायची, पण ती घाई एफीनं कधी केली नाही.

पाच वर्षांपूर्वी ॲबर्डीनला आमच्या व्यवसायातल्या लोकांचं संमेलन झालं, तिथे तिला बोलावलं. दोनशे शिकलेली माणसं, आणि समोर बेकरीनं नाकारलेलं ते तोंड. ती चार मिनिटं बोलली. शेवटी एका तरुण मुलीनं विचारलं, तुमची पद्धत काय?

"माणूस दुःखात असतो तेव्हा त्याला सूर्य दाखवू नका," एफी म्हणाली. "आधी पावसाला नावं ठेवू द्या. ते त्याला जमतं."

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. एफी तिथेच उभी, ओठांचे कोपरे खाली, कान मात्र लालबुंद. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "चल पोरी, यांना थांबायचं कळत नाहीये. आपली बस सुटेल."