हीटरवहिनी

हे नाव ठेवलं गॅरेजशेजारच्या टायरवाल्यानं. भर उन्हात गाडीत हीटर पूर्ण सोडून बसलेली, घामानं निथळणारी बाई त्यानं पहिल्यांदा पाहिली, तेव्हा हातातलं टायर सोडून तो हसत सुटला होता.

"काय हो हीटरवहिनी, हुडहुडी भरली का?"

"या ना भावोजी आत," ती म्हणाली. "तुमचंही डोकं जरा शेकून निघेल."

काम तसं साधं होतं. इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, बदललं की नळ्यांच्या वळणांत कुठेतरी हवा अडकून बसते. ती राहिली तर इंजिन तापतं. म्हणून नवरा पुढे बॉनेट उघडून उभा राहायचा. कूलंट ओतायचा, गाडी चालू ठेवून रबरी पाइप दाबायचा, वरचा बारीक स्क्रू सैल करून बुडबुडे निघताना बघायचा. ती स्टिअरिंगमागे बसायची, पाय अॅक्सिलरेटरवर, तळहात हीटरच्या जाळीपुढे. जाळीतून गरम वारा आला म्हणजे पाणी शेवटच्या नळीपर्यंत पोचलं.

उघड्या बॉनेटमुळे दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नसत.

"आलं का गरम?"

"कोमट."

"आता?"

"कोमटच. घाई करू नका."

आणि तो घाई करत नसे. पुन्हा पाइप दाबे, पुन्हा थांबे. घरात तो तिला काहीच विचारत नसे. मुलीचं लग्न कुठे ठरलं हे तिला ठरल्यावर कळलं. घराला कुठला रंग लावायचा हे भिंती ओल्या असताना. पण बॉनेटपलीकडून आलेल्या या एका प्रश्नाला ती "आलं" म्हणेपर्यंत तो झाकण घट्ट करत नसे. एवढ्यानं तिचं भागत होतं असं नाही. पण एवढं होतं.

कुणी नवीन गिऱ्हाईक विचारायचं, बाईपण काम करतात वाटतं गॅरेजमध्ये? "ती होय? ती नुसती बसते," नवरा म्हणायचा. काच खाली असली की तिला ऐकू यायचं.

मग धाकटा दीर गॅरेजमध्ये भागीदार म्हणून आला आणि येताना एक मशीन घेऊन आला. ते रेडिएटरच्या तोंडावर बसवायचं. ते आतली हवा ओढून घेतं, मशीनवरचा काटा खाली जाऊन स्थिर राहिला की मशीनचीच चावी फिरवायची, आणि कूलंट आपोआप आत खेचलं जातं.

"वहिनी, सुटलात तुम्ही," दीर म्हणाला. "आता घरी मस्त पंख्याखाली बसा."

"मी कुठे अडकले होते?"

तो हसला. नवरा मशीनच्या नळ्या उलगडण्यात गुंतला होता.

पहिली गाडी आली ती एक जुनी टॅक्सी. टॅक्सीवाल्याचा चहा संपायच्या आत कूलंट भरून झालं. गाडी चालू केली, तशी ती सवयीनं आत जाऊन बसली. हीटरचा खटका गरमकडे फिरवला, जाळीपुढे हात धरला आणि थांबली. बराच वेळ थांबली.

"गार आहे," ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"वहिनी, काटा एवढासुद्धा हलला नाही. हवा राहीलच कशी?"

"काटा तिथं आहे. माझा हात इथं आहे. अहो, ऐकताय ना? गार येतंय."

नवऱ्यानं बॉनेट खाली घेतलं. सीटवरून इतक्या समोर त्याचं तोंड तिला कधी दिसलं नव्हतं.

"उतर आता. माणूस खोळंबलाय."

तिनं खटका परत फिरवला आणि ती उतरली.

पुढे एका गारठलेल्या पहाटे, चढावर, टॅक्सीवाल्यानं हीटर लावला. इंजिनाचा जोर वाढताच हीटरच्या नळीत कोंडलेली हवा इंजिनात शिरली. टॅक्सी दुसऱ्या गाडीमागे टोचन लावून परत आली, इंजिन तापून हेड गॅस्केट जळालेलं. टॅक्सीवाला नुसता पायरीवर बसून राहिला. त्याचं बसणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

दोघा भावांनी सगळं खोललं. शेवटी नवऱ्याच्या ध्यानात आलं.

"या जुन्या गाडीत खटका थंडकडे असला की हीटरची वाटच बंद असते. मशीननं बाकीची हवा ओढली, तिथली तशीच राहिली."

"मग आजवर कसं जमत होतं, दादा?"

नवऱ्यानं खरोखर आठवून पाहिलं. "आजवर खटका गरमकडेच असायचा."

ती डबा घेऊन दारात उभी होती. गाडीत बसल्या बसल्या पहिल्यांदा खटका फिरवायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो कुणीतरी फिरवतं हे नवऱ्याला कधी दिसलंही नव्हतं. मध्ये बॉनेट होतं.

टॅक्सीचं इंजिन पुन्हा जोडून झालं, त्या दिवशी ती डब्यासकट आली, पण अंगात कामाचे जुने कपडे होते.

"काय हीटरवहिनी, पुन्हा ड्युटी?" टायरवाला म्हणाला.

"बघू या."

ती टॅक्सीच्या दाराशी जाऊन थांबली. नवऱ्यानं तिच्या बाजूनंच दार उघडून आत हात घातला, खटका गरमकडे फिरवला आणि भावाला म्हणाला, "हे भिंतीवर लिहून ठेव. विसरायला नको." दिरानं मशीनच्या वर लाल रंगात लिहिलं: आधी हीटर गरमवर. अक्षरं वाकडी आली, पण दुरूनही वाचता येत होती.

काटा स्थिर राहिला. कूलंट आत गेलं. गाडी चालू झाली. नवऱ्यानं बॉनेटमागे वाकून पाइप दाबला.

"आलं का गरम?"

सीट रिकामी होती. दार उघडंच होतं. तिनं हात नुसता पुढे केला असता तरी जाळीपर्यंत पोचला असता.

"आता?" बॉनेटमागून पुन्हा आलं.

"दादा," दीर म्हणाला, "कुणाला विचारतोयस?"

नवरा सरळ झाला. रंगाचे डाग पडलेल्या फडक्याला त्यानं हात पुसले. "कुणाला नाही. सवय."

तिनं डबा बाकड्यावर ठेवला आणि ती निघाली.

शेवटी टॅक्सीवाल्यानंच आत वाकून जाळीपुढे हात धरला.

"आलंय," तो म्हणाला. "चांगलं गरम आलंय."

नवऱ्यानं झाकण घट्ट केलं.