येताना मीठ आण

एक माणूस कमी भरत होतं.

मी पुन्हा मोजलं. मोजताना बोट दाखवायचं नाही, हे मला या नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. लोकांना ते आवडत नाही, शिवाय काहीतरी गडबड आहे हे लगेच सगळ्यांना कळतं. म्हणून मी बाटलीचं झाकण लावता लावता टोप्या मोजल्या. निळी टोपी नव्हती. निळी टोपी शैलाकाकूंची होती.

"आई पुढे गेली का?" रश्मीने विचारलं. रश्मी त्यांची मुलगी.

पुढे कोणी जाऊ शकत नाही, कारण पुढे मी होते. हे मी तिला सांगितलं नाही. "बघते," म्हटलं.

आमची ठाण्याची छोटी कंपनी आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही लोकांना जंगलात फिरायला नेतो. जव्हार आणि मोखाड्याच्या मधल्या डोंगरात एक निसर्ग उद्यान आहे. उद्यान म्हणजे झोपाळे आणि हिरवळ नव्हे, चांगलं दाट जंगल. त्यात पायवाटा आखल्या आहेत आणि झाडांवर पिवळे बाण रंगवले आहेत. मी तिथे नॅचरलिस्ट म्हणून जाते. पक्षी, कोळी, झाडं दाखवायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि जितकी माणसं आत नेली तितकी बाहेर आणायची. यातला शेवटचा भाग जाहिरातीत नसतो.

निघण्याआधी गेटवर ब्रीफिंग असतं. काय करायचं, काय नाही, ते पाच मिनिटांत सांगायचं. मला त्या पाच मिनिटांची आदल्या रात्रीपासून धास्ती असते. एकेकट्या माणसाशी मी बरी बोलते, घोळक्यासमोर माझा आवाज घशातच राहतो. ट्रिपनंतर लोक फीडबॅक देतात, त्यात "मॅडम छान आहेत, पण ऐकू येत नाही" हे ठरलेलं.

त्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. लाइन सोडायची नाही. चुकामूक झाली तर आहात तिथेच थांबायचं, शोधत फिरायचं नाही. आणि या जंगलात बिबट्या आहे, पण तो सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. मग जरा भाव खायला मी आणखी एक माहिती दिली होती. "इथले लोक बिबट्यालाच वाघ म्हणतात. त्यामुळे कोणी वाघ म्हणालं, तर बिबट्या समजा." लोकांना हे आवडलं. एकाने ते फोनमध्ये टाइपही करून घेतलं.

लाइनच्या पुढे मी असते, मागे काशिनाथदादा. मागच्या माणसाला आम्ही स्वीप म्हणतो. झाडू मारल्यासारखं सगळ्यांना पुढे घेत यायचं, आपल्या मागे कोणी उरू द्यायचं नाही. काशिनाथदादा खालच्याच पाड्यावरचे, चाळिशीतले. त्यांच्या मागे आजवर कोणी राहिलेलं नव्हतं.

पण त्या दिवशी दातेकाकांच्या बुटाचा तळ सुटला. जुने ट्रेकिंगचे बूट कपाटात ठेवून ठेवून असे होतात. डिंक सुकतो आणि तळ जिभेसारखा लोंबायला लागतो.

"अहो, नवेच आहेत! दोनदाच घातलेत," दातेकाका सगळ्यांना सांगत होते.

"दोनदा कधी?" त्यांच्या बायकोने विचारलं. "आपल्या लग्नाच्या आधी ना?"

लोक हसले. काशिनाथदादा पुढे आले आणि बूट सुतळीने बांधायला बसले. लाइनचं शेपूट मोकळं राहिलं. तेवढ्यात काकू गेल्या असणार.

आम्ही आता कड्याच्या एका उघड्या दगडावर होतो. पावसाळा सरत आला होता. खालून धुकं वर येत होतं आणि बांबूचे शेंडे त्यात मधूनच दिसेनासे होत होते. एक कस्तूर पक्षी शीळ घालत होता. एरवी मी सगळ्यांना गप्प करून ती ऐकवली असती.

मी रश्मीला बाजूला घेतलं. "काकूंना बाथरूमला जायचं होतं का?" अगदी हळू विचारलं.

ती चमकली. "तुम्हाला सांगितलं तिने?"

सांगितलं नव्हतं. पण मागच्या अर्ध्या तासात काकू दोनदा थांबल्या होत्या, झुडपांकडे बघितलं होतं आणि पुरुषमंडळी मागून येतायत म्हटल्यावर पुन्हा चालू लागल्या होत्या. ते मला दिसलं होतं. मीही अगदी तसंच केलं असतं.

काशिनाथदादांनी ऐकून घेतलं. "मग फाट्यावर चुकल्या," ते म्हणाले. फाट्यावर आपली वाट डावीकडे जाते. उजवी वाट पाड्याकडे उतरते, ती रोजच्या पायांनी रुंद झालेली. नवखा माणूस रुंद वाटच धरणार. "तुमी सगळी हितंच रहा, मॅडम. मी खाली बघून येतो."

जाण्याआधी त्यांनी बायकोला फोन लावला, पाड्यावर एक म्हातारी बाई आली तर बघ म्हणून सांगितलं, आणि फोन माझ्या हातात दिला. या दगडावर फक्त त्यांच्याच फोनला रेंज येते. "ती फोन करंल. घ्या."

काकूंचा स्वतःचा फोन रश्मीच्या सॅकमध्ये होता. पाण्याची बाटलीही.

ते गेले. मी सगळ्यांना बसवलं, काकडी कापली, वर मीठ लावून वाटली. हात कामात असला की लोक माझ्याकडे कमी बघतात. दातेकाका एकदा म्हणाले, "आपण दोन-तीन जण जाऊन बघू का?" मी मान हलवली. हरवलेला एक शोधायला गेलेले तीन हरवतात, हे आमच्या ट्रेनिंगमधलं पहिलं वाक्य.

फोन वाजला. वारा होता म्हणून मी स्पीकर लावला. ते करायला नको होतं.

"ऐकलास का," पलीकडून काशिनाथदादांची बायको, सुमनवहिनी, थेट नवऱ्याशीच बोलायला लागल्या. "ती म्हातारी वाघापाशी हाय. बसलेली. उठतच नाय. तू ये लवकर..."

"वहिनी, मी बोलतेय, मी..."

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नसावा. मध्ये खरखर झाली. मग स्पष्ट ऐकू आलं, "आन येताना मीठ आन. संपलाय."

फोन कट झाला. परत लावला तर लागेना.

रश्मी माझ्या खांद्याशीच उभी होती. 

"वाघ म्हणजे लेपर्ड ना? सकाळी तुम्हीच सांगितलंत."

माझं एक ब्रीफिंग सगळ्यांनी नीट ऐकलं होतं, ते हे.

एका क्षणात सगळे उभे राहिले. कोणी मोठी काठी शोधायला लागलं, कोणी देवाचं नाव घ्यायला लागलं. रश्मी सरळ वाटेकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं. मी सहसा कोणाला हात लावत नाही.

"कुणी हलायचं नाही!"

हे मी ओरडले होते. सगळे थांबले. मीही दचकले.

अमेय सर म्हणजे आमचे मालक. मी त्याच फोनवरून त्यांना फोन लावला आणि वहिनींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"उठत नाही म्हणजे? बेशुद्ध आहेत?"

"माहीत नाही, सर."

"मी वनखात्याच्या रेंज ऑफिसला फोन करतोय. त्यांची रेस्क्यू टीम येईल. तू ग्रुपला घेऊन गेटवर जा. आत्ता."

"सर, एक मिनिट. त्यांनी मीठ मागवलं."

"काय?"

"वहिनींनी. येताना मीठ आण म्हणाल्या. संपलंय म्हणाल्या."

"तुला बरं वाटतंय ना?"

मला नीट मांडता येत नव्हतं. इंग्रजीतही आलं नसतं. पण तो आवाज माझ्या कानात होता. त्याला धाप नव्हती. मागे कोंबड्यांची कलकल होती. जिच्यासमोर म्हातारी बाई बिबट्यापाशी अडकली आहे, तिला घरातलं मीठ आठवत नाही. आठवलं तरी त्याच सुरात सांगवत नाही.

"सर, त्या घाबरलेल्या नव्हत्या. अजिबात नाही. काशिनाथदादा येईपर्यंत थांबूया. नंबर तयार ठेवा, मी हो म्हटलं की लगेच करा. ग्रुप धुक्यातून खाली नेला तर आणखी कोणीतरी हरवेल."

"आणि तुझा अंदाज चुकला तर?"

रश्मीचं मनगट अजून माझ्या हातात होतं.

"थोडा वेळ द्या," मी म्हटलं.

तो थोडा वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. मी धुक्याकडे बघत होते. बिबट्याबद्दल मी जे जे वाचलं होतं ते सगळं आठवत होतं आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. रश्मी एकदाच बोलली. "ती यायला तयार नव्हती. मीच ओढून आणलं. घरात बसून बसून कंटाळली असशील म्हटलं."

मग खालून काशिनाथदादांचा कुकारा आला. जंगलात इथे नावाने हाक मारत नाहीत, लांबलचक कूऽऽ करतात. मागोमाग ते स्वतः आले. एकटेच. मी रश्मीला दातेकाकूंच्या हाती दिलं आणि पुढे धावले.

"फाट्याच्या वर सगळं बघितला. नाय दिसल्या," ते म्हणाले. "फोन आला का इचारून आता खाली पाड्याकडं..."

"वहिनींचा फोन आला. काकू वाघापाशी आहेत म्हणाल्या. उठत नाहीत म्हणाल्या."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्या जवळून मी कोणाकडे कधी बघितलं नसेल. त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला.

"गावल्या म्हणायच्या," ते म्हणाले. "बरा झाला."

"दादा, वाघापाशी!"

"हा, वाघापाशी. फाट्याखालचा." मग त्यांना माझं तोंड दिसलं. मागे उभ्या सगळ्यांची तोंडं दिसली. ते आधी गोंधळले, मग हसायला लागले. "अहो मॅडम, तो हिंडता वाघ नाय. बसलेला वाघ. आमचा देव!"

वाघदेव मला माहीत होता. त्याच्यावर मी एक लेखही वाचला होता. पण लेखात त्याला रोज हाक मारणारं कोणी नव्हतं. पाड्यावर त्याला कोणी पूर्ण नावाने बोलावत नाही. वाघापाशी गुरं थांबली. वाघापाशी वळ. शाळेची पोरं वाघापाशी भेटतात.

मी सरांना फोन केला. "सर, नंबर ठेवून द्या. काकू सापडल्या."

"आणि लेपर्ड?"

"लाकडाचा आहे, सर."

आम्ही सगळेच खाली उतरलो. फाट्यापासून जरा खाली एका मोठ्या झाडाखाली जुनी, जाड लाकडी फळी उभी होती. तिच्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य, आणि सगळ्यावर शेंदूर. शेजारी दगडावर शैलाकाकू. एक बूट काढून ठेवलेला, टाचेला फोड, डोक्यावर निळी टोपी, हातात स्टीलच्या पेल्यात कोरा चहा. सुमनवहिनी बाजूला उकिडव्या बसून त्यांच्याशी गप्पा मारत होत्या.

रश्मी जाऊन आईला बिलगली. मग तिला सोडलं आणि ओरडायला लागली. "सांगून जाता येत नाही का? वाघ म्हटल्यावर माझं काय झालं असेल!"

"सगळ्या पुरुषांसमोर काय सांगू? थांबा, मला जायचंय?" काकू म्हणाल्या. "आणि कसला वाघ? हा तर समोर दिसतोय की. चांगला आहे बिचारा."

"घरी चला म्हटला, चा पाजते म्हटला," वहिनी नवऱ्याला सांगत होत्या. "तर उठतच नाय. चा मग हितंच आनला."

"कशी उठणार?" काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने सकाळी सांगितलं होतं ना, चुकलात तर आहात तिथेच थांबा. वाट चुकलेय हे कळल्यावर मी पहिल्या बऱ्या जागी बसले. माणूस आल्याशिवाय हलणार नाही म्हटलं."

मी पट्टी काढायला सॅक उघडली. माझ्या घशातल्या घशात सांगितलेलं ते वाक्य एका माणसाने ऐकलं होतं, आणि ऐकायला हवं होतं त्याच माणसाने.

काकूंच्या टाचेला पट्टी लावली. दातेकाकांनी त्यांना हात दिला, तर त्यांच्याच बुटाचा तळ पुन्हा सुटला. रश्मीने निघण्याआधी वाघासमोर हात जोडले. बाकीच्यांनी फोटो काढण्याआधी वहिनींना विचारलं. मी वहिनींना काकडीसाठी आणलेली मिठाची पुडी दिली.

"काशिनाथनी सांगितला का तुमाला?" त्यांनी आश्चर्याने विचारलं.

"नाही. फोन मीच घेतला होता."

"मग बोल्ला का नाय?"

"बोलले होते," मी म्हटलं. "ऐकू गेलं नसेल."

आता ब्रीफिंगमध्ये दोन वाक्यं वाढली आहेत. पहिलं: कोणाला आडोशाला जायचं असेल तर सॅक वाटेवर ठेवून जा, कारण सांगायची गरज नाही, सॅक दिसली की लाइन थांबेल. दुसरं: इथे कोणी वाघ म्हणालं तर आधी विचारा, बसलेला की हिंडता. दोन्ही वाक्यं मी मोठ्याने म्हणते. पहिल्या वेळी कान तापले होते, आता तापत नाहीत.

आणि सॅकमध्ये मिठाची एक पुडी जास्तीची असते.