स्थगितीची नक्कल

माझ्या बहिणीच्या मुलाला कोर्टात सगळे सुवर्णपदक म्हणतात. नाव मीच ठेवलं. कायद्याच्या परीक्षेत पदक मिळून दोन वर्षं झाली, पण अजून कुणाशी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला ते बाहेर येतं. ज्या वकीलसाहेबांकडे तो काम शिकायला लागला, त्यांच्याकडे मी एकतीस वर्षं कारकून आहे. घरी तो मला मावशी म्हणायचा. ऑफिसात आल्या दिवशी म्हणाला, "इथं मी तुम्हाला बाई म्हणेन. बरं दिसतं." म्हटलं, म्हण बाबा, दिसण्याचंच तर शिकून आलायस.

पाच वर्षं कायदा शिकला म्हणे! फाईल शिवायला दिली तर दाभण अंगठ्यात घुसवून घेतलं आणि कागद असे उलटे शिवले, की न्यायाधीशांना शेवटच्या पानापासून वाचावं लागलं असतं. वकीलपत्रावर पक्षकाराची सही घ्यायला विसरला, स्वतःची मात्र झोकात दोन ठिकाणी ठोकली. पानांवर आकडे नाहीत म्हणून खिडकीवरच्या माणसानं अर्ज परत केला, तर त्यालाच कायद्याची कलमं ऐकवून आला. त्या माणसानं चहा पीत पीत सगळं ऐकलं आणि फाईल गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातली.

साहेब म्हणायचे, "बाई, याला जरा हाताशी धरा." धरते कसली! मी काही सांगावं आणि यानं "ते क्लार्कचं काम" म्हणावं. वर त्याच्या आईचे फोन, "ताई, त्याला एखादी मोठी केस द्यायला सांग ना गं." धाकटी बहीण पडली, काय बोलणार?

केस आली ती शिवणवालीची. कोर्टामागच्या गल्लीत तिची एक खोली, दाराशी मशीन, पडद्यामागे पलंग आणि स्टोव्ह. सतरा वर्षं आमच्या वकिलांचे काळे कोट तीच शिवते आणि पोटं सुटली की तीच उसवून सैल करते. मालकाला खोली शेजारच्या गोदामात घ्यायची होती. खालच्या कोर्टात ती हरली. शुक्रवारी सकाळी दहाला कोर्टाचा बेलीफ येऊन तिला बाहेर काढणार होता, म्हणून गुरुवारी वरच्या कोर्टात स्थगिती मागायची होती. नेमके साहेब तापानं फणफणले. मग काय, उभा राहिला सुवर्णपदक.

खोटं कशाला बोलू, चांगला बोलला. समोरचा वकील आलाच नव्हता म्हणा, पण बोलला. पावणेचारला न्यायाधीशांनी स्थगिती दिली. शिवणवालीनं रडत त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, माझं घर राखलंत हो," म्हणाली.

मी त्याला जिन्यात गाठलं. "हे बघ, न्यायाधीश बोलले ते बेलिफाला घरबसल्या ऐकू येत नाही. नक्कल विभाग पाचला बंद होतो. आत्ता अर्ज टाक, हुकमाची नक्कल घे, बेलिफाच्या ऑफिसात दे आणि पोच घे. उद्यावर ढकलू नकोस."

आजूबाजूला चार-दोन वकील उभे होते ना, मग तो हसणारच. "अहो बाई, कोर्टाचा हुकूम आहे तो! झाला म्हणजे झाला. कागद गोळा करायला मी पदक मिळवलेलं नाही. ते तुमचं काम." आणि गेला कँटीनमध्ये स्वतःची कीर्ती सांगायला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर ऑफिसात येऊन बसले.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला बेलीफ खोलीवर आला. सुवर्णपदक दारात हात पसरून उभा. "स्थगिती मिळालीय! आत पाऊल टाकायचं नाही!" बेलीफ सभ्य माणूस. म्हणाला, "कागद दाखवा वकीलसाहेब, आल्या पावली परत जातो." कागद कुठला दाखवणार, कप्पाळ? नुसतं तोंडच होतं. मग कोट सावरत धावला कोर्टाकडे. नक्कल हातात पडायला पावणेबारा वाजले. तोवर मशीन, पलंग, स्टोव्ह रस्त्यावर आले होते आणि मालकानं ताबा मिळाल्या मिळाल्या माणसं लावून मधली भिंत पाडली होती. नक्कल घेऊन तो विटांच्या ढिगापुढे उभा राहिला. विटा उचलणाऱ्या एका मजुरानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

सोमवारी शिवणवाली ऑफिसात आली. हातात पिशवी, मशीन भाचीच्या जिन्याखाली ठेवलेलं. मी तिला सांगितलं, पुन्हा अर्ज करू, ताबा परत मागू. किती वर्षं लागतील ते सांगितलं नाही. कोपऱ्यात सुवर्णपदक मान खाली घालून बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ते पोर आहे, त्याला काय कळतंय," ती मला म्हणाली. "पण बाई, तुम्हाला तर सगळं ठाऊक असतं. तुम्ही नव्हतात का हो त्या दिवशी?"

होते ना. सव्वाचारला याच खुर्चीत होते. नक्कल विभाग एक जिना खाली, तिथल्या खिडकीवरची बाई माझी वीस वर्षांची मैत्रीण. अर्ज भरायला मला दोन मिनिटं लागतात. पण मी टेबल आवरलं, दाभण डब्यात ठेवलं, पेन्सिलींना टोकं काढली. कळू दे एकदा चांगलं, म्हटलं. पाचला खाली शटर पडल्याचा आवाज ऐकला, मगच पर्स उचलली.

"मी त्या दिवशी लवकर घरी गेले होते," मी तिला म्हणाले.

सुवर्णपदकानं मान वर केली. पाचला जिन्यात आम्ही एकमेकांच्या समोरून गेलो होतो, तो वर येत होता आणि मी खाली उतरत होते. आता उघडं पाडणार मला, असंच वाटलं. मी असते तर पाडलं असतं.

"हो," तो म्हणाला, "मावशी नव्हती. चूक माझी आहे."

शिवणवालीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पिशवीतून साहेबांचा कोट काढला. बाही उसवली होती म्हणून मीच मागच्या आठवड्यात दिला होता. बाही शिवून झाली होती. तिनं कोटावरची विटांची धूळ हातानं झटकली, घडी घालून तो माझ्या टेबलावर ठेवला आणि ती गेली.