फक्त दोन सह्या

"बाय, पंच कुठे आहेत?"

मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा. आईच्या 'लग्नाचं काय' या प्रश्नाचा नंबर याच्यानंतर लागतो. विचारणारे अंकल, माणिकपूरच्या एका रिक्षा स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचे मालक. वेळही ठरलेली: सोमवारी सकाळी, माझ्या एपिसोडची पानं त्यांच्या प्रिंटरमधून बाहेर पडत असताना. डाव्या हाताने चष्मा कपाळावर सरकवायचे, पान डोळ्यांजवळ धरायचे, ओठ हलवत वाचायचे आणि खून झालेल्या पानाशी आले की थांबायचे.

मी टीव्हीवरच्या एका पोलिसी मालिकेचे एपिसोड लिहिते. नाव सांगत नाही. तुमच्याही घरी ती जेवताना लागत असेल आणि 'काय बावळटपणा आहे' म्हणत तुम्ही ती शेवटपर्यंत बघत असाल. त्यातला काही बावळटपणा माझा असतो. मला कागदावर वाचल्याशिवाय स्वतःच्या चुका दिसत नाहीत, म्हणून प्रिंट काढायला जायचे. अंकलना त्या माझ्या आधी दिसायच्या. त्यामुळे साऱ्या महाराष्ट्राच्या आधी खुनी कोण हे माणिकपुरात एका माणसाला माहीत असायचं. त्यांनी ते गुपित कधी फोडलं नाही, बायकोजवळसुद्धा नाही. तिला त्याची गरजही नव्हती. ज्या नटाचा चेहरा ओळखीचा आणि काम थोडं, तोच खुनी, असा तिचा शोध होता आणि तो माझ्या एकाही एपिसोडला चुकला नाही.

पंच म्हणजे काय, हे मला तरी कुठे नीट माहीत होतं? अंकलनीच समजावलं. पोलीस एखादी जागा बघतात, वस्तू जप्त करतात, तेव्हा दोन साध्या माणसांना बाजूला उभं करतात. कागदावर जे लिहिलं ते खरोखर तिथे होतं, हे पुढे कोर्टात सांगायला. लोक हे काम टाळतात, कारण कोर्टाची पायरी चढावी लागते. अंकल टाळायचे नाहीत. स्वभाव मदतीचा, आणि खरं सांगायचं तर हौस. भुईगावच्या विहिरीतून निघालेली सायकल, कुणाच्या वाडीतून कापून नेलेले केळीचे घड, एका लग्नाच्या हॉलमधून गायब झालेले भटारखान्यातले टोप, सगळ्याला अंकल हजर. पूर्वी ते स्वतः पावलं मोजायचे. विहिरीपासून आंब्यापर्यंत किती पावलं हे त्यांना अजून पाठ होतं.

त्यामुळे पंचनाम्याची भाषा अंगात मुरली होती. घरी, सांडोरला, बायकोशी ते त्यांच्या बोलीत बोलायचे, ज्यातलं मला निम्मं कळायचं. पण दुकानात उभे राहिले की अंकल सरकारी कागद व्हायचे. समोरच्या गाडीवरची भजी तोंडात टाकून गंभीरपणे सांगायचे, सदर भजी थंड असून आत कांदा आढळून आला नाही. मी एकदा नवा ड्रेस घालून गेले तर कौतुकाऐवजी ऐकायला मिळालं: रंग निळा, डाव्या बाहीवर चटणीचा डाग, ताजा. डाग होता.

आता आमच्या मालिकेबद्दलच्या त्यांच्या तक्रारी. आमच्या प्रेताला वास येत नाही आणि त्याचे केस विंचरलेले असतात. इन्स्पेक्टर पहिल्याच लाथेत दार तोडतो; अंकलच्या आठवणीतल्या प्रत्येक दाराला शेजाऱ्याकडून पहार मागून आणावी लागली होती. लॅबचा रिपोर्ट जाहिराती संपायच्या आत येतो. एवढे पोलीस घरभर फिरतात आणि एकाच्याही हातात पेन नसतं. आणि शेवटी खुनी दिवाणखान्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर, इन्स्पेक्टरकडे बघून कबुली देतो. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ते झोपेतही म्हणून दाखवेन.

मी म्हणायचे, अंकल, पंचनामा लिहिताना दाखवला तर लोक चॅनल बदलतील. ते म्हणायचे, मग तुझा चोर सुटणार.

पण गंमत बघा, एकही एपिसोड त्यांनी चुकवला नाही. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली घ्यायचे आणि स्कूटरवरून सांडोरला पोहोचेपर्यंत मालिकेची सुरुवातीची धून संपलेली नसावी, एवढ्या हिशेबाने निघायचे. मी एकदा चिडून विचारलं की एवढी वाईट आहे तर बघता कशाला. मग म्हणाले की तुमचा इन्स्पेक्टर मेलेल्याच्या आईजवळ जमिनीवर बसतो. खुर्ची असतानाही खाली बसतो आणि ती बोलेपर्यंत गप्प राहतो.

"हे खोटं आहे, बाय," ते म्हणाले. "पण चांगलं खोटं आहे."

दुसरा गुण त्यांना मान्य होता तो म्हणजे शेवटी कळतं. कुणी केलं, का केलं, सगळं कळतं. त्यांच्या आयुष्यातल्या सायकलीचं आणि टोपांचं पुढे काय झालं हे त्यांना कधी कुणी कळवलं नव्हतं. मालिकेत मात्र पाऊण तासात छडा लागतो, म्हणून ते खूश असायचे. मी ती शाबासकी बिनबोभाट खिशात घातली, कारण दुसरी कुठून मिळायची शक्यता नव्हती.

अशाच एका सोमवारी अंकल माझ्या पानांवर बोट आपटत होते. चोरीचा माल सापडण्याचा सीन होता आणि मी नेहमीप्रमाणे पंच विसरले होते. तेवढ्यात एक हवालदार आला. कुठल्या चौकीचा ते विचारू नका. त्याने कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "अंकल, फक्त दोन सह्या." अंकलचा गुडघा त्या वर्षी फार दुखत होता, आणि हवालदार जुना ओळखीचा. असे तयार कागद अलीकडे बरेचदा यायचे. अंकलनी पेन घेतलं, मला सांगत राहिले की पंचांशिवाय जप्ती म्हणजे नुसता कागद, आणि बोलता बोलता दोन सह्या ठोकल्या. हवालदार गेला. मला त्यात काही खटकलं नाही, आणि हे मी अभिमानाने सांगत नाही. गुन्ह्यांवर लिहून पोट भरणारी बाई मी, आणि माझ्या नाकासमोर काय चाललंय ते मला दिसलं नाही.

त्यानंतर वर्षभराने दुकानात एक कोळीण आली. पाचूबंदरची, माणिकपूरच्या बाजारात मासे विकायची. अंकल नेहमी तिच्याकडूनच मासे घ्यायचे. तिचा मुलगा रिक्षा चालवायचा. एका सोसायटीची पाण्याची मोटर चोरल्याचा त्याच्यावर आळ होता. दोन महिने आत राहून तो जामिनावर सुटला होता, पण रिक्षाच्या मालकाने रिक्षा काढून घेतली होती आणि केस उभी राहायची होती. वकिलाने कागदांच्या प्रती मागितल्या होत्या. झेरॉक्स निघत असताना ती अंकलशी बोलत होती. कागदात म्हणे असं लिहिलंय की मोटर आमच्या मागच्या खोलीत जाळ्यांखाली सापडली. आमच्या घरात जाळी आहेतच कुठे? नवरा गेला त्याच वर्षी विकली.

अंकल प्रत्येक पान उलटं करून काचेवर ठेवत होते. एका पानापाशी हात थांबला. मशीनचा उजेड जाऊन परत आला तरी त्यांनी झाकण उचललं नाही. मग सगळ्या प्रती नीट लावल्या, टाचणी मारली आणि तिला दिल्या. ती गेली.

"त्याच्यावर माझी सही आहे," ते म्हणाले. "दोन आहेत. तू इथेच उभी होतीस."

मला आठवलं. आणि मी काय म्हटलं असेल? जे कुणीही शहाणं माणूस म्हणेल तेच. म्हटलं, कोर्टात बोलावलं तर 'आठवत नाही' म्हणा, सगळे तसंच म्हणतात. अंकलनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माझ्या एकूण लेखनावरचा अभिप्राय होता. आपल्याला सगळं आठवतं म्हणूनच तर लोक आपल्याला पंच करतात, असं काहीतरी ते पुटपुटले. पुढचा आठवडाभर दुकानात एकही विनोद झाला नाही.

मग समन्स आलं. हवालदारही येऊन गेला. चहा घेतला, गुडघ्याची चौकशी केली आणि सांगितलं की नुसतं हो म्हणायचं आहे, दोन मिनिटांचं काम. अंकल हो म्हणाले तर कोळणीचा मुलगा तुरुंगात जाणार होता. नाही म्हणाले तर त्यांनी भरकोर्टात कबूल करायचं की आपण न बघितलेल्या गोष्टीवर सही करतो. मग त्यांनी पूर्वी इमानाने मोजलेल्या पावलांवर तरी कोण विश्वास ठेवणार? शिवाय खोटी सही केली म्हणून त्यांच्यावरच काही झालं तर? अंकलची बायको रोज प्रार्थना करत होती, पण नेमकं काय मागायचं हे तिला ठरवता येत नव्हतं.

तारखेच्या आदल्या दिवशी अंकल मला म्हणाले की कोर्टाच्या आधी तिला सांगायला हवं, आणि एकट्याने जमणार नाही. म्हणून मी बरोबर गेले. बाजार भरलेला होता. ती सुरमई कापत होती. अंकल कापडी पिशवी दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं: तुझ्या घरी मी आलो नव्हतो, कागद वाचला नाही, सही केली. सांगताना 'सदर' एकदाही आलं नाही. तिने कोयता खाली ठेवला नाही. एक तुकडा कापला, दुसरा कापला.

"मना वाचाला येत नाय," ती म्हणाली. "तुमाला तं येते."

एवढं बोलून ती मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. आम्ही मासे न घेता परत आलो.

कोर्टाच्या दिवशी माझी चॅनलवर मीटिंग होती. त्या आठवड्यात मी अखेर एक पंच लिहिला होता, एक म्हातारा, जो सही करण्याआधी कागद पूर्ण वाचतो. चॅनलच्या माणसाने विचारलं की हा कोण, याची बॅकस्टोरी काय, आणि हा वाचेपर्यंत इन्स्पेक्टरने करायचं काय. पंच कापला गेला. मी भांडले नाही. पुढच्या एपिसोडचं काम जाईल अशी भीती होती, बाकी कारण काही नाही.

संध्याकाळी दुकानात गेले तर अंकल मशीन पुसत होते. विचारलं, काय झालं? सदर इसमास फितूर घोषित करण्यात आलं, म्हणाले. सरकारी बाजूचा साक्षीदार सरकारच्या विरुद्ध बोलला की त्याला फितूर म्हणायची कोर्टाची पद्धत आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात स्वतःच्याच सहीविरुद्ध खरं बोललो आणि हा किताब मिळाला, असं म्हणून ते हसले. कोर्टात आणखी काय बोललात, हे मात्र सांगायला तयार होईनात. जे होतं ते सांगितलं, एवढंच.

रिक्षा स्टँडवर चार दिवस चर्चा झाली. कुणी म्हणालं अंकलना पापलेट पोचलं, कुणी म्हणालं म्हातारपणी भ्रम झाला. हवालदार रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागला. अंकल आता कुरिअरच्या पावतीवरसुद्धा मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय सही करेनात. कुरिअरवाला घाम पुसत उभा. पण माझ्या पानांवर ते काही बोलत नसत. प्रिंट काढायचे, मोजायचे, हातात द्यायचे. मी मुद्दाम ढळढळीत चुका करून बघितल्या. एका एपिसोडमध्ये तर प्रेताला शिंक आणली. अंकलनी पान उलटलं. मला खरंच रडू आलं.

पुढच्या मार्चमध्ये ते गेले. सांडोरच्या वाडीत, घड वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू देत होते. दमले म्हणून बांधावर बसले, ते बसलेच. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागच्या बाकावर होते आणि पिशवीत अर्धा लिहिलेला एपिसोड होता, जो त्याच रात्री पाठवायचा होता आणि मी पाठवलाही. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

केसचा निकाल त्यानंतर लागला. मुलगा सुटला. मोटर कुणी चोरली ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि कळवायला कुणी बांधील नाही. मला हे बाजारात कळलं. कोळणीने मला हाक मारून बसवून घेतलं, पाटीखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि आतले कागद माझ्या हातात दिले. अंकल काय बोलला ते वाच, म्हणाली. मुलाने नुसतं 'सुटलो' एवढंच सांगितलं होतं.

मी पानं उलटत गेले. अंकलचा जबाब सापडला, खाली त्यांची सही होती. मी मोठ्याने वाचलं, कारण बाजारात हळू वाचून उपयोग नसतो:

"आरोपीच्या आईला मी ओळखतो. तिच्याकडून मी मासे घेतो. तिच्या घरी मी गेलो नाही. गेलो असतो, तर तिथे जाळी नाहीत, हे मला दिसलं असतं."

समोर एक बाई बोंबलांचा भाव विचारत उभी होती. कोळणीने तिला हाताने थांबवलं आणि मला शेवटची ओळ परत वाचायला सांगितली.