पाच दारांची सवलत

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी पृथ्वी सोडलेली होती आणि स्वर्गात अजून कोणी घेत नव्हतं. चौथा आणि पाचवा मजला यांच्या मधोमध, एका लोखंडी पेटीत, मी एकटा. लोक नंतर म्हणाले, जेमतेम पंचवीस मिनिटं अडकला होतात. लोकांना काय जातंय म्हणायला! त्या पंचवीस मिनिटांत माझी दाढी वाढली, बाहेर दोन सरकारं बदलली, माझं मृत्युपत्र तोंडी करून झालं आणि ज्या मेव्हण्याशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो त्याला मी मनोमन माफही करून टाकलं. (बाहेर आल्यावर ती माफी परत घेतली.) मग डोक्यावर वीतभर फट उघडली. फटीत दोन बूट आले, बुटांमागोमाग गुडघे आले आणि शेवटी एक आडवं तोंड आलं. मला वाटलं, हा देवदूत आता विचारणार, पाणी हवं का, घाबरलात का.

तोंड म्हणालं, "बटण किती वेळा दाबलंत?"

"आठ-दहा वेळा."

"तरीच," तोंड म्हणालं आणि फट बंद झाली.

पुढची दहा मिनिटं मला शिक्षा म्हणून आत ठेवलं होतं, असं माझं आजही मत आहे. ते म्हणतात, तेल घालत होतो.

हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस पुढे माझा जिवलग मित्र झाला. त्यांना सगळे 'एकदाच' म्हणतात. मुद्दाम कोणी ठेवलेलं नाव नाही हे. तोंडातून सारखं तेच बाहेर पडायचं म्हणून चिकटलं. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात आणि छपरावर काढून त्यांनी जगाचं एक तत्त्वज्ञान तयार केलं होतं: बटण एकदाच दाबायचं. यंत्राला कळलेलं असतं. पुन्हा दाबलंत तर लिफ्ट लवकर येत नाहीच, वर तिचा अपमान होतो. हे तत्त्व ते लिफ्टपुरतं ठेवत असते तर कोणाची काही हरकत नव्हती. पण आमच्या घरची बेलही ते एकदाच वाजवायचे. एका रविवारी मी आत मिक्सर दुरुस्त करत होतो (म्हणजे बिघडवत होतो), बेल ऐकू आली नाही. पाऊण तासाने केर टाकायला दार उघडलं तर हे समोर उभे. चेहऱ्यावर तक्रार नाही, घाई नाही. "वाजवली होती," एवढंच म्हणाले आणि चपला काढून आत आले.

अशा माणसाने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घर घेतलं. तेही एकदाच पाहून.

घर चांगलं होतं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, भिंतींना ओल नाही, खिडकीसमोर एक बरं झाड. घर विकणारा सुतार होता. व्यवहार झाला, किल्ली मिळाली, सामान घेऊन एकदाच सहकुटुंब पोचले आणि पाहतात तो आत एकही दार नाही. पाचच्या पाच दारं सुतार चौकटीसकट काढून घेऊन गेला होता. फोन केला तर म्हणाला, "घर विकलं, दारं नाही विकली. ती माझ्या हातची आहेत. जीव आहे त्यांच्यात माझा." बाहेरचं दार तेवढं त्याने ठेवलं होतं. ते दुसऱ्या सुताराने केलेलं होतं आणि त्याला ते आवडत नव्हतं.

घरासाठी होतं नव्हतं ते सगळं गेलेलं. कर्ज अंगावर. पाच दारं आणि पाच चौकटी म्हणजे अशक्य गोष्ट. पण काळजीचं कारण नव्हतं, कारण सवलत येणार होती. आयुष्यात पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सरकार भरलेल्या करातला काही भाग परत देतं, अशी ती योजना. अर्ज करायचा, त्या घरात राहायला जायचं, आणि पैसे घरी येतात. एकदाचनी घराचा व्यवहार ठरला त्याच दिवशी अर्ज करून टाकला होता. आता फक्त उभं राहायचं.

"आधी एक न्हाणीघराचं दार तरी लावून घ्या," मी म्हटलं. "पैसे मी देतो. सावकाश परत करा."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "लिफ्ट येतेय म्हटल्यावर जिना चढायचा नसतो. आपण दमत-दमत तिसऱ्या मजल्यावर पोचतो आणि लिफ्ट खाली येऊन उभी राहते. मग हसू होतं."

तोवर न्हाणीघराला पडदा लावला. पडद्यामागे माणूस आहे की नाही हे कळावं म्हणून एकदाचनी गोदामातून त्यांची कामाची पाटी आणली आणि खिळ्याला अडकवली. एका बाजूला 'चालू', दुसऱ्या बाजूला 'दुरुस्ती सुरू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' आत जाताना पाटी उलटायची, येताना सुलटी करायची. पाहुणे पहिल्यांदा पाटी वाचून परत फिरायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायचे.

सगळ्यांत हाल मुलीचे. सतरा वर्षांची पोर, दिवसातून दोनदा आईबापांवर रागवायचं वय, आणि आपटायला दार नाही! तिने तोडगा काढला. तणतणत खोलीत जायची, उंबरठ्याच्या आत वळायची आणि तोंडाने जोरात म्हणायची, "धाड्!" मग पलंगावर पडायची. त्यानंतर तिच्याशी बोलायचं नाही, असा घरात नियम होता. बोलायचंच असेल तर हवेत बोटाने टकटक करून "टक टक" म्हणायचं.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण घर घेतलं होतं ते आईसाठी. एकदाचांची आई धाकट्या भावाकडे होती. चार मजले, लिफ्ट नाही (भाऊ म्हणे, "दादा असताना मला लिफ्टची भीती वाटते"), आणि आईचे गुडघे गेलेले. वर्षभर ती खाली उतरली नव्हती. थोरल्याचं घर तळमजल्यावर. अंगणात बसेन, येणाजाणाऱ्याला नावं ठेवीन, एवढीच तिची इच्छा. सामान बांधून तयार होती. पण न्हाणीघराला पडदा आहे हे कळलं आणि तिने बोचकं सोडलं.

"पडद्याआड अंघोळ?" फोनवरचा तिचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. "अरे, वारा आला म्हणजे? मी काय पातेलं धरून उभी राहू? दार लाव, कडी लाव, मग मला न्यायला ये."

"येतंय आई. सवलत आली की लगेच."

"ती कधी येणार?"

"निघालेली आहे."

दर रविवारी हाच फोन. महिने गेले. आई विचारायची, "दार लागलं का रे?" आणि हे सांगायचे, "निघालेली आहे."

वहिनी, म्हणजे एकदाचांची बायको, दवाखान्यात नंबर पुकारायचं काम करते. रांगेबद्दल जगात तिच्याइतकं कोणाला कळत नाही. ती दर आठवड्याला सांगायची, "अहो, कचेरीत जाऊन विचारा तरी."

"अगं, अर्ज केलाय ना एकदा."

"माझ्याकडे जो गप्प बसून राहतो ना, त्याला मी विसरते. देवाशप्पथ विसरते. आणि जो दर पाच मिनिटांनी येऊन डोकं खातो, त्याला आधी आत ढकलते. कटकट जाते एकदाची!"

"ती माणसं आहेत. हे सरकार आहे."

"सरकारात काय लिफ्ट बसलीय का?"

यावर मुलगी आतून म्हणायची, "धाड्."

चौदा महिने झाले. पंधराव्या महिन्यात आईने फोनवर दाराचं विचारलंच नाही. हवापाणी विचारलं, नातीचा अभ्यास विचारला आणि फोन ठेवला. एकदाच बराच वेळ फोनकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी वहिनीने रजा टाकली, नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट दिला आणि साक्षीला मला बरोबर घेतलं.

कचेरीत काचेमागे एक कारकून चष्मा पुसत होता. समोर टेबलावर बोलवायची घंटी. वहिनीने ती तीनदा दाबली. टिंग टिंग टिंग. एकदाचनी डोळे मिटून घेतले. त्यांना ते पाहवेना.

कारकुनाने अर्ज शोधला. "तुम्हाला तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. येत्या पंधरा दिवसांत अर्ज बंद होणार होता."

"पत्रं? कुठे पाठवली?"

त्याने पत्ता वाचला. तो जुन्या भाड्याच्या घराचा होता. वहिनीने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. अशा नजरेला आमच्याकडे कढई लागत नाही, माणूस तसाच तळून निघतो.

"अर्जात 'सध्याचा पत्ता' विचारला होता," एकदाच पुटपुटले. "त्या दिवशी तोच होता."

"आणि नंतर कळवलं का नाही?"

"म्हणजे... ते पुन्हा दाबल्यासारखं झालं असतं."

"काय दाबल्यासारखं?" कारकून घाबरून म्हणाला.

"ते जाऊ द्या," वहिनी म्हणाली. "पत्रात विचारलं काय होतं?"

"आपण नव्या घरात राहायला गेला आहात का, हे कळवावे."

मग वहिनी दोन्ही कोपर टेकून काचेवर वाकली. मला त्या कारकुनाची दया आली.

"म्हणजे आम्ही नव्या घरात राहतो का, हे तुम्ही आम्हाला जुन्या घरी विचारलंत."

"पत्ता तुम्हीच..."

"आम्हाला ते पत्र मिळालं असतं, तर आम्ही कुठे असतो?"

"जुन्या घरी."

"मग सवलत मिळाली असती?"

"नाही. तिथे राहत असाल तर नाही."

"आणि पत्र मिळालं नाही. एकदा नाही, तीनदा मिळालं नाही. मग आम्ही कुठे राहतो?"

कारकुनाने चष्मा काढला. परत घातला. आतल्या साहेबांकडे गेला. आतून बराच वेळ दोन माणसांचा हिशेब चुकल्यासारखा आवाज येत होता. बाहेर येऊन तो म्हणाला, "साहेब म्हणतात, मुद्दा बरोबर आहे, पण तो लिहायला आमच्याकडे रकाना नाही. तपासनीस घरी येऊन बघून जाईल."

तपासनीस गुरुवारी आला. गोल, घामेघूम, कातडी पिशवी काखेत. घरात शिरला आणि थबकला. कुठेच दार नाही, चौकटी उखडलेल्या जागी विटा दिसतायत, भिंतीवर पाटी: 'दुरुस्ती सुरू आहे.'

"इथे तर काम चालू आहे," तो म्हणाला. "राहतंय कोण?"

"आम्ही," एकदाच म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात. चार भांडी मांडतात आणि राहतो म्हणून सांगतात. घर पुरं झालं की कळवा." त्याने पेन काढलं. वहिनीचा चेहरा पडला. तेवढ्यात पाटीमागचा पडदा सरला, मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, अनोळखी माणूस पाहून बापावर कडाडली, "कोणी येणार आहे हे सांगता येत नाही का हो बाबा?" आणि खोलीत जाऊन म्हणाली, "धाड्!"

तपासनिसाचं पेन थांबलं. "हे काय होतं?"

"दार आपटलं तिने," एकदाच म्हणाले.

"दार कुठाय?"

"सवलत आली की."

तपासनीस खोलीपाशी गेला. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर वहिनीने त्याचा हात धरून थांबवलं आणि हळूच म्हणाली, "आधी टक टक म्हणा."

तो माणूस सरकारी होता, पण त्यालाही घरी मुलगी असावी. त्याने बोट वर केलं, हवेत वाजवलं आणि म्हणाला, "टक टक."

"कोण?" आतून आवाज आला.

"कर विभाग."

"नंतर या."

तपासनीस परत येऊन खुर्चीत बसला. पाणी प्याला. मग अंमळ संकोचून त्याने न्हाणीघर कुठे म्हणून विचारलं. एकदाचनी स्वतः पाटी उलटून दिली. आपण आत आहोत हे कोणी विसरू नये म्हणून तो सबंध वेळ खोकत होता. बाहेर आल्यावर त्याने पाटी न विसरता 'चालू' केली आणि उभ्याउभ्या अहवाल लिहिला. वहिनीने याही वेळी मला साक्षीला बसवलं होतं. मी खांद्यावरून वाचला: 'कुटुंब सदर घरात राहते. राहण्याची सवय दिसते. नाटक नाही, इतके कोणी करणार नाही.'

तीन आठवड्यांत सवलत आली. पाच दारं, पाच चौकटी, पितळी कड्या. न्हाणीघराच्या दाराला एकदाचनी आईसाठी आतून दोन कड्या लावल्या, एक वर आणि एक बसून हाताला येईल अशी. मग भावाकडे गेले आणि आईला पाठीवर घेऊन चार मजले उतरले. ती वाटभर त्यांना सावकाश चाल, सावकाश चाल म्हणत होती.

आई अकरा दिवस राहिली आणि त्याच पाठीवरून चार मजले चढून परत धाकट्याकडे गेली. त्याच्याकडचा टीव्ही मोठा आहे.